मसाजीचं रिव्हॉल्व्हर

हत्याराची किंमत विचारायला येणारा माणूस किंमत घरूनच ठरवून येतो. मी फक्त मान डोलवायची, एवढीच त्याची अपेक्षा. आजोबांची ठासणीची बंदूक असो, नाहीतर कुठल्याशा जहागीरदाराची म्हणून सांगितलेली गंजकी तलवार असो, सगळं सोन्याच्या भावाचं! मी आधी निजामाच्या आणि मग आपल्या पोलिसांच्या हत्यारखान्यात मिस्तरी होतो. निवृत्त झाल्यावर हिंगोलीच्या मोंढ्यामागे दुकान टाकलं. रानडुकरांसाठी शेतकऱ्यांना परवान्यावर मिळालेल्या बंदुका दुरुस्त करतो. तोंडावर खरं बोलतो, म्हणून गिऱ्हाईक बेताचं आणि शिव्या भरपूर.

अनुसयाबाई आली ती दसऱ्यानंतर, भर दुपारी. सेनगावकडची बाई, एस.टी.ने एकटीच आलेली. पिशवीत वर मेथीची जुडी, खाली जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. तिने ते टेबलावर ठेवलं आणि मी आधी उठून दुकानाचं दार ओढून घेतलं.

"परवाना?"

"न्हाई, दादा."

"मग माझ्याकडे काय आणलं? ठाण्यात जाऊन जमा करा. मला म्हातारपणी आत बसवायचा विचार आहे का?"

"इकायचं न्हाई. याची किंमत काय, तेवढी बघून सांगा."

"विकायचं नाही तर किंमत कशाला?"

मग तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव मसाजी. निजामाविरुद्ध लढाई चालली होती तेव्हा तो सरहद्दीपल्याडच्या, वऱ्हाडातल्या कॅम्पात गेला होता. एका रात्री त्यांच्या टोळीने निजामाचा नाका लुटला आणि नाक्यावरच्या अंमलदाराच्या हातातून मसाजीने हे हत्यार हिसकावलं. टोळीतले दोघे तिथेच पडले, बाकीचे पुढे एकेक करून गेले. साक्षीला कोणी उरलं नाही. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून गेल्या साली सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, तेव्हा गावातल्या शहाण्यांनी नावं ठरवणाऱ्या समितीला सांगितलं की मसाजी कॅम्पात भाकरी थापायला होता. तेव्हापासून पोरंसोरंही त्याला 'भाकऱ्या फौजी' म्हणतात. तो काही बोलत नाही. पारावर बसायचं मात्र त्याने सोडलं.

"ते म्हणतेत, यावर निजाम सरकारचा शिक्का हाय. उर्दू अक्षरं हायेत. मला काई दिसत न्हाई. तुमच्याकडं भिंग असन."

आता मला कळलं. शिक्का असेल तर हत्यार सरकारी. सरकारी हत्यार बाजारात मिळत नाही. ते हिसकावूनच आणावं लागतं. म्हणजे मसाजी खरा. बाईला किंमत हवी होती ती एवढीच.

मी रिव्हॉल्व्हर उचललं. वजन बरोबर होतं, घडण विलायती होती. खरं सांगतो, माझे हात जरा शिवशिवले. असलं हत्यार हातात येऊन फार दिवस झाले होते. पण घोडा ओढला तर तो निम्म्यात अडकला. गोळ्यांची चकरी हलेना. नळीच्या मागे पांढरा कागद धरून आत पाहिलं तर उजेडच दिसेना. मुठीचा स्क्रू रॉकेल टाकून सोडवला, तर आतून शेंदराचा लगदा निघाला. त्याला आंबूस वास येत होता.

माझं टाळकं सरकलं. "बाई, याला काय न्हाऊ घालता की काय?"

"तर!" ती अभिमानाने म्हणाली. "दरसाल. खंडेनवमीला इळे, कुऱ्हाडी, फाळ समदे नंतर. पह्यलं ह्ये. दुधानं धुते, शेंदूर लावते."

"दुधाने! लोखंड आहे ते, महादेवाची पिंड नाही. आणि घासता कशाने?"

"इटकरीची भुकटी न् चिंच. चकाचक व्हते."

मी शिव्या गिळल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. या जातीच्या हत्यारावर शिक्का कुठे मारत, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. ती जागा गुळगुळीत होती. नुसती गुळगुळीत नाही, तिथे खळगा पडला होता. अंगठा बरोबर बसेल एवढा. आजूबाजूला कारखान्याची घडण जशीच्या तशी, आणि एवढ्याच जागेवर लोखंड झिजलेलं.

"इथे जास्त घासलं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"व्हय. तिथं लई किटण बसायचं, दादा. काळं काळं, बारीक रेघांत शिरलेलं. लगीन होऊन आले तवा पह्यल्या सालात तर निघता निघंना. मंग इळ्याच्या टोकानं कोरून काढलं. दोन-चार साल लागले. आता बघा कसं सप्पा झालं."

तिने स्वतःच त्या खळग्यावरून बोट फिरवलं. माझं तोंड कधी नव्हे ते बंद पडलं, आणि त्यावरूनच तिला कळलं असावं. तिचं बोट तिथेच थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "त्या रेघा..."

"अक्षरं असतील," मी म्हणालो. "इथे काहीतरी होतं, एवढं मी सांगू शकतो. काय होतं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. फडक्याची घडी घालायची, मोडायची, परत घालायची, एवढंच तिचं चाललं होतं. माझ्याकडे अक्षरांचे ठसे आहेत. क्षणभर मनात आलं, द्यावा एक ठोकून. पण नव्या ठोक्याची धार पोरसुद्धा ओळखेल. मग म्हाताऱ्याला लोक भाकऱ्या म्हणणार नाहीत, चोर म्हणतील.

तेवढ्यात दार वाजलं. दारात धाप लागलेला उंच म्हातारा, डोक्याला पटका. घरातली पेटी उघडी दिसली आणि बायको हिंगोलीच्या गाडीत बसल्याचं कोणीतरी सांगितलं, म्हणून मागून जीपने आला होता. हिंगोलीत हत्यारांचं दुकान एकच, त्यामुळे शोधावं लागलं नाही. मसाजीने टेबलावर सुटं झालेलं रिव्हॉल्व्हर पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि माझ्या स्टुलावर बसला.

"म्या घासून टाकला," अनुसयाबाई म्हणाली. "तुमचा शिक्का. माह्या हातानं."

"ठाव हाय मला."

"कवापासून?"

"लई सालं झाले. एका खंडेनवमीला हातात घेतलं तर गेलेला."

"मंग बोलले काहून न्हाई? शिव्या द्याच्या व्हत्या. मारायचं व्हतं मला!"

"इतकी मन लावून घासून राहिली व्हतीस," मसाजी हळू आवाजात म्हणाला. "देवावानी पुजत व्हतीस. म्हणलं, जाऊ दे. सांगितलं असतं तर जलमभर जिवाला लावून घेतलं असतंस."

इतका सरळ माणूस मी पोलिसांत उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मला वाटलं, आता ही दोघं उठतील, मेथीची जुडी घेऊन गाडीला जातील, आणि झालं गेलं विसरतील. मसाजीलाही तसंच वाटलं असावं. तो बायकोकडे बघून थोडा हसलासुद्धा.

"गाव काय बी म्हणू दे. समितीची बी तकलीफ करून घेऊ नको. तुला तर ठाव हाय नं? मला तेवढं पुरं हाय."

अनुसयाबाईने मान खाली घातली. 'व्हय' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण बाई, म्हणून टाक. पण त्याने इतक्या वर्षांत तिला एक कडू शब्द ऐकवला नव्हता, आणि अशा माणसाशी खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"समितीसाठी न्हाई आले मी," ती म्हणाली. "मलाच पाह्यचं व्हतं. तुमी शिक्का हाय म्हणायचे अन् मला कधीच दिसला न्हाई. मला वाटायचं... मला बी वाटायचं, तुमी भाकरीच थापत व्हते."

मसाजीचं हसू लगेच गेलं नाही. विसरल्यासारखं तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. आता तिची खात्री पटली होती, माझ्या भिंगाने तेवढं काम केलं होतं. पण इतकी वर्षं मनात संशय ठेवून एका घरात, एका चुलीपुढे काढलेली होती, आणि ती आता परत मिळणार नव्हती. तिने त्याच्या पायाला हात लावला. त्याने पाय मागे घेतला नाही आणि तिला उठवलंही नाही.

बऱ्याच वेळाने तो उठला, पटका सारखा केला.

"मिस्तरी, दुरुस्त करू नका ते. ठाण्यात जमा करून टाका."

मी म्हणालो, "मसाजी, घरी राहू द्या म्हणायला कायदा आडवा येतो खरा, पण चार दिवस विचार करा. सुरू तरी करून देतो."

"कशाला?" तो दारातून म्हणाला. "आता घरी बी कोणाला दाखवायचं हाय?"