तिचं नाव पँडोरा होतं

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. ढाणकीजवळच्या एका गावात, घनश्यामच्या घरी माझी हयात गेली. कापूस बरा पिकला त्या दिवाळीत मला आणलं, हळदकुंकू लावलं. पुढे चित्र हललं की पाठीत बुक्के बसायचे. तेही मी निमूट खाल्ले.

रविवारी माझ्यावर अंतराळातल्या जहाजांची मालिका लागे. त्या जहाजांना ग्रीक पुराणातली नावं होती. घनश्यामची बहीण निकिता जेवण सोडून ती बघे. तिचं लाडकं जहाज पँडोरा. कितीही मार खाल्ला तरी ते परत यायचं. घनश्यामला मुलगी झाली, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. निकितानं बाळाच्या कानात सांगितलं, पँडोरा. सगळे हसले, पण मान तिचा होता.

त्या साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. फवारण्यांवर फवारण्या झाल्या. वासरू मेलं, बाळाला उलट्या लागल्या. अशात यवतमाळहून शेत पाहायला आलेल्या कृषी खात्याच्या चंद्रशेखर साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं की पुराणातल्या पँडोरानं झाकण उघडलं आणि सारी दुखणी जगात सुटली. साहेब गेले. घरात मात्र सगळं खापर त्या नावावर फुटलं.

"आत्या हायेस का वैरीण हायेस तू?" वच्छलाबाईनं पोटच्या लेकीला विचारलं.

"मले काय मालूम होतं, आई? ते जहाज तं दरवेळी वाचत होतं," निकिता म्हणाली.

बाळाचं नाव बदलून लक्ष्मी ठेवलं. मलाही शिक्षा झाली. तोंड भिंतीकडे करून मला कोपऱ्यात ठेवलं.

तिथं भिंतीशी, माझ्या अगदी तोंडासमोर, पिण्याच्या पाण्याचा डबा होता. फवारणीच्या औषधाचा, रिकामा झाल्यावर राखेनं घासून घेतलेला. लेबलावरची कवटी अर्धी उरली होती. मोठ्यांना मळमळायचं, ते उन्हावर खपून जायचं. वच्छलाबाई त्यातलंच पाणी उकळून नातीला चमच्यानं पाजायची, मोठ्या मायेनं. मला बोलता येतं, पण दुसऱ्यांचंच. मी नुसता बघत राहिलो.

लक्ष्मी दिवाळीआधी गेली. नाव बदलायला उशीर झाला, असं सगळे म्हणाले. निकिता त्यानंतर कुणाच्या बारशाला गेली नाही.

डबा अजून तिथंच आहे, रोज भरतात. घनश्यामच्या बायकोला पुन्हा दिवस गेले आहेत. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलं तर आधी तो डबा फोडा. नावाचं मग बघू.