हिरवी फळं

सेत्तिमियाने टोपलीत हात घातला आणि तिचं डोकंच फिरलं. इवानोने, तिच्या जावयाने, डोंगरावरून जुनिपरच्या काटेरी झुडपांची, मटणाच्या मसाल्यात घालायची फळं आणली होती, पण निळ्यांत निम्मी हिरवीच.

"काठी नव्हती नेली?"

"काठीने कोण झोडपत बसतंय, आई? हातमोजे घातले आणि फांद्या ओरबाडल्या. तासाभरात टोपली भरली!"

"मोठा पराक्रम केलात, जावईबापू! खाली टोपली धरून फांदीवर काठी मारली, की पिकलेली तेवढी पडतात. हिरवी झाडावर राहतात, ती पुढच्या वर्षाची. तुम्ही पुढचं वर्षसुद्धा ओरबाडून आणलंत! आता पुढच्या वर्षी गावाने काय वेचायचं?"

इवानो हसला. "हिरवं काय न् निळं काय, पोटात गेलं की सगळं सारखंच."

सेत्तिमियाने हिरवी फळं बाजूला काढून ठेवली. निळी फळं वेचून, ठेचून तिने रानडुकराच्या मटणात घातली, वर लाल वाइन ओतली आणि दुपारपर्यंत मंद आचेवर शिजवलं. घरभर वास सुटला.

सगळ्यांना वाफाळतं मटण वाढून झाल्यावर इवानोची थाळी आली. तीत मटणाचा कच्चा, लालभडक तुकडा होता आणि त्यावर मूठभर हिरवी फळं.

"आई, हे कच्चं आहे!"

"खा की," सेत्तिमिया म्हणाली. "पोटात गेलं की सगळं सारखंच."