एकट्याची पट्टी

होडीच्या मागे लावायच्या इंजिनांचा तो मिस्त्री हत्यारं विकत घेत नसे. कंपनीचं हत्यार कंपनीच्या हातासाठी असतं, असं तो तोऱ्यात सांगायचा. ट्रकच्या कमानीचा पाटा, पाइपचे तुकडे, मोडक्या पलंगाचा पाय, हाती लागेल त्यातून तो हवं ते घडवी. फळीवर अशी चाळीसेक हत्यारं होती आणि नवख्याला ती निव्वळ भंगार वाटत.

त्यात सगळ्यात जास्त राबलेली चाकपट्टी. इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक काढायचं तर मधला नट सोडवावा लागतो, आणि नट फिरवायला जावं तर चाकही सोबत फिरतं. म्हणून हातभर पोलादी पट्टी आणि तिला दोन खुंट. खुंट चाकाच्या भोकांत बसवून एकानं पट्टी धरायची, दुसऱ्यानं पाना ओढायचा. धरायचं काम बावीस वर्षं धाकट्या भावानं केलं. नट हलला की धरणाऱ्याच्या मनगटाला आधी कळतं. तो म्हणायचा, "सुटला, दादा." मग मिस्त्री थांबायचा.

मध्यंतरी धाकट्याच्या मनात सासुरवाडीच्या बंदरावर स्वतःचं दुकान टाकायचं आलं होतं. "एकट्याला वापरता येईल अशी पट्टी करू या, दादा," तो म्हणाला. मिस्त्रीच्या हाताला हे काम म्हणजे किस झाड की पत्ती. पण ती पट्टी झाली की भाऊ निघाला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आज पोलाद नाही, उद्या सवड नाही, असं करत त्यानं वर्षभर वेळ मारून नेली. धाकट्यानंही विषय सोडला. तो राहिला, आणि चार महिन्यांपूर्वी कावीळ होऊन दहा दिवसांत गेला.

तेव्हापासून चाक काढायचं काम आलं की मिस्त्री हात दुखतो म्हणून टाळायचा. हात ठणठणीत होता. एकट्याला वापरता येणारी ती पट्टी आता घडवायची, तर करवत पोलादाला लावायचा त्याला धीरच होत नव्हता. भावाला आपण स्वार्थापायी अडकवून ठेवलं, त्याला त्याचं जगू दिलं नाही, हे त्याला आतून खात होतं.

एके दिवशी दुपारी भावजय दुकानात आली. तिनं पिशवीतून एक पट्टी काढून बाकावर ठेवली.

"भाऊजी, ही मी स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावत होते. म्हटलं, तुमच्या कामाची असेल."

एका टोकाला दोन खुंट. दुसऱ्या टोकाला आकडा, इंजिन टांगायच्या लोखंडी घोड्याला बरोबर अडकेल असा. कडा कानशीनं अशा घासलेल्या की बोट फिरवलं तरी लागू नये. एवढं घासायची सवय धाकट्याचीच.

"कधी केली त्यानं?"

"आम्ही जायचं म्हणत होतो ना, त्या वर्षी. नऊ वर्षं झाली. सुटीच्या दिवशी घरीच करत बसायचे."

"मग गेला का नाही?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, पट्टीनं नट सुटेल गं. पण दादाला जेवायला कोण उठवणार? हाक मारल्याशिवाय उठतो का तो?"

मिस्त्री पट्टी घेऊन घोड्याकडे वळला. त्यानं घोड्यावरच्या इंजिनाला पट्टी लावली, आकडा अडकवला, पाना ओढला. ओढत राहिला. पाना सटकन निसटला आणि बोटांची सालं निघाली. नट केव्हाच सुटला होता. तो धाकट्याच्या आवाजाची वाट बघत होता.

"लागलं का?"

"नाही," तो म्हणाला आणि तिच्यासमोर रडला.

मग डोळे पुसून त्यानं फळीवरची जुनी पट्टी काढली. मुठीचं रबर धाकट्याच्या बोटांनी झिजलं होतं.

"ही ने. खिडकीला लाव."

"तुम्हाला लागेल की."

"धरणार कोण?"

तिनं पट्टी पिशवीत घातली. मिस्त्री पुन्हा इंजिनापाशी बसला. दाराशी जाऊन ती वळली. कोपऱ्यात सकाळपासूनचा डबा तसाच बंद होता.

"भाऊजी, तीन वाजून गेले. उठा, जेवून घ्या."

मिस्त्री उठला.