जळमेळबाबाची बरणी

पाणी मिसळलं तर जळमेळबाबाला एक नारळ. नाही मिसळलं तर दोष निवारायला शेळी, पायलीभर गहू आणि धोतरजोडी. गोरेगावात त्या १९३८च्या उन्हाळ्यात हा हिशोब कुणी केलाच नाही. सोयरिकीआधी दोन्ही घरचं पाणी बाबाच्या काचेच्या बरणीत घालून बघायची टूम निघाली, आणि पाणी मिसळेनासंच झालं.

आज रामकिशनच्या लेकीची, शालूची पाळी. गर्दी एवढी की माणसं लिंबावर चढली होती. खतीजाबी रंगारीण अगदी पुढे. लग्न झालं तर अकरा पागोटी तिच्या हंड्यात पडणार होती, म्हणून तिचे डोळे बाबाच्या हातांवर.

बाबानं वराकडच्या लोट्यात आंगारा ढवळला, फडक्यातून गाळून पाणी बरणीत ओतलं. मग वधूकडचं, पळसफुलांनी पिवळं केलेलं पाणी विड्याच्या पानावरून अलगद सोडलं. खाली नितळ, वर पिवळं, मधे रेघ. बाबानं बरणी डोलवली. रेघ हिंदकळली, पण मोडली नाही.

"शेजारी राहतील, मिसळणार न्हाईत," बाबा म्हणाला. "शेळी आणा, वळवतो पाणी."

रामकिशननं मान खाली घातली. शेळी देण्यापेक्षा सोयरीक मोडणं त्याला स्वस्त वाटू लागलं. शालू दाराआड रडून राहिली होती.

"महाराज, आधी माझं बघा," खतीजाबीनं दोन लोटे पुढे केले. "मकबूलसंगं वीस वर्षं झाली. जमतं का न्हाई, एकदा कळू द्या."

पुन्हा आंगारा, पुन्हा पळसफुलं, पुन्हा पान, पुन्हा रेघ.

"बाई, भारी दोष हाय. कसे नांदता तुमी?"

"तेच तर. दोन्ही लोटे माझ्याच रांजणातले. म्हंजे माझं माझ्याशीच जमत न्हाई. मकबूल बिचारा सुटला."

लिंबावरचा एक जण हसता हसता खाली आला.

"रामकिशनभाऊ, तो आंगारा चाखा," खतीजाबी म्हणाली.

रामकिशननं चिमूट जिभेवर ठेवली. "मीठ हाय की हे!"

"बराबर. खारं पाणी जड, तळाला बसतं. साधं हलकं, वर ऱ्हातं. रंगात मीठ टाकून नीट घुसळलं न्हाई तर कापडाला पट्टे पडतात, हे माझ्या हंड्याला बी ठावं हाय. अन् शेळी मिळाली की हे महाराज उंचावरून धो धो ओततात. झालं निवारण."

तिनं दांडा घेऊन बरणी घुसळली. भोवरे उठले, रेघ फाटली, पाणी एकरंगी झालं.

"पाण्याला काहून इचारता? पोरगं बघा, घर बघा. शालूला इचारलं का कुणी?"

मग विचारलं. शालू "व्हय" म्हणाली, तेही दोनदा.

बाबा गर्दीतून पसार झाला. त्याच्या दावणीच्या तीन शेळ्या आपापल्या घरी गेल्या. अकरा पागोटी रंगली. बरणीत शालूच्या आईनं, द्वारकाबाईनं, कैरीचं लोणचं घातलं, मीठ बाबाचंच. मात्र त्याआधी दोन पोरींच्या सोयरिकी ह्याच रेघेवरून मोडल्या होत्या. ती किंमत त्या दोघींनी भरली, आणि ती कुणालाच परत करता आली नाही.