काचेची जाडी

सोमवारी सकाळी अकरा वाजता माझ्या आणि ओवीच्या खुर्चीमध्ये काच उगवली, तेव्हा तिची जाडी चार मिलिमीटर होती. मी मोजली. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून नऊ वर्षं झाली, तरी माझ्या पर्समध्ये जाडी मोजायचा व्हर्नियर असतो. काच बैठकीच्या टेबलाला मधोमध कापत छतापर्यंत गेली होती. आत एकही बुडबुडा नव्हता. खाली, टेबलाला लागून, हात जाईल एवढी फट होती.

त्याच्या मिनिटभर आधी समितीचे अध्यक्ष सोहोनी सर यांनी ठराव वाचला होता. आमच्या सॉफ्टवेअर समुदायाची पुढची आंतरराष्ट्रीय परिषद परदेशातल्या एका समुद्रकाठच्या शहरात घ्यायची. हॉल मोठा, विमानं थेट, हवा छान. त्या शहरात ओवीसारख्या बाईला सात वर्षांची कैद आहे. जन्मनोंदीत ओवी मुलगा आहे आणि पासपोर्टवर अजून तेव्हाचंच नाव, तेव्हाचाच फोटो आहे. परिषदेतलं मुख्य भाषणही तिचंच, कारण ज्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही जमतो त्याचा गाभा तिने लिहिला आहे.

आमच्याकडे हात वर करून मतं घेत नाहीत. ठराव मांडतात आणि बहात्तर तास थांबतात. तेवढ्यात कोणी हरकत घेतली नाही, तर ठराव मंजूर. हरकत लेखी चालते, तोंडीही चालते. ज्याचा विषयाशी थेट संबंध असेल त्याची मात्र धरत नाहीत. या पद्धतीने आम्ही अकरा वर्षं उत्तम सॉफ्टवेअर बनवलं.

"सर, मध्ये काच आली," ओवी म्हणाली.

"हो का? ते आपण आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

"मजा आहे बाई तुझी," ग्रेगरी म्हणाला. ग्रेगरी वसईचा, परिषदेची तिकिटं आणि पाहुण्यांची यादी तो बघतो. "एसी तुझ्या बाजूला गेला."

"मग बिस्किटं तरी इकडे सरकव."

त्याने पुडा फटीतून सरकवला. समितीत आम्ही चौघंच होतो.

जागेच्या सुरक्षिततेचा अहवाल माझ्याकडे होता. हरकत घ्यायची, हे माझं सोमवारीच ठरलं होतं. पण नुसतं तसं म्हणून टाकणं मला जमत नाही. कलमं लागतात, आकडे लागतात. मी हरकतीच्या पत्राचा मसुदा लिहायला घेतला.

मंगळवारी जाडी एकोणीस मिलिमीटर भरली. ओवीचा चेहरा त्याच्या जागेपासून सहा मिलिमीटर डावीकडे दिसत होता; जाड काचेतून तिरकं पाहिलं की तेवढा सरकतो. माझ्या बाजूच्या खिडकीत औंधचा रिक्षा स्टँड होता. तिच्या बाजूच्या खिडकीत बंदर होतं.

"काल घरी किती वाजता पोचलीस?" मी विचारलं.

"गेलेच नाही, ताई. या बाजूला दार नाही. आईला फोन केला, काम आहे म्हणून." मग ती फटीशी वाकली. "तुमचं पत्र झालं?"

"एक आकडा पडताळायचाय. गेल्या वर्षी तिथे किती जणांना पकडलं, ते दोन ठिकाणी वेगवेगळं दिलंय."

"किती?"

"एकतीस आणि चौतीस."

"मग मी पस्तिसावी," ती म्हणाली आणि हसली. ओठ आधी हलले, हसू माझ्यापर्यंत अर्ध्या सेकंदाने आलं.

बुधवारी काच व्हर्नियरच्या जबड्यात मावेना. फटीतून डबा जात नव्हता, म्हणून मी पोळीची गुंडाळी करून पाठवली. ओवीच्या पायाशी फरशीवर पिवळी रेघ उमटली होती. तिच्यासमोर एक गणवेशातला माणूस येऊन बसला होता आणि तिच्यामागे बॅगा घेतलेली माणसं उभी होती.

"रांग बघा किती शिस्तीत आहे," ग्रेगरी म्हणाला. "आपल्याकडे असतं तर?"

"एकंदरीत कोणाची हरकत दिसत नाही," सोहोनी सर म्हणाले. "केतकी, तुमचं काही?"

"चौदावा मसुदा चाललाय, सर."

"सावकाश होऊ दे. उद्या अकरापर्यंत वेळ आहे."

ओवीने पोळी खाल्ली नव्हती. पोळी हातात धरून ती माझ्याकडे बघत होती.

गुरुवारी पावणेअकराला सोहोनी सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पलीकडे त्या माणसाने हात पुढे केला. ओवीने पासपोर्ट दिला. त्याने पान उघडून नाव वाचलं. ते काचेतून लगेच आणि स्पष्ट आलं, जणू मध्ये काही नव्हतंच. आमच्या ओळखीच्या नऊ वर्षांत मी ते नाव कधी ऐकलं नव्हतं.

ग्रेगरीने पाहुण्यांच्या यादीवर बोट फिरवलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"हेच नाव आहे इथे," तो हळू म्हणाला. "काल इथे ओवी लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं."

"दोन मिनिटं," सर म्हणाले.

ओवीचा चेहरा आता तिच्या शेजारच्या खुर्चीवर दिसत होता. मी हिशेब केला आणि ती खरोखर जिथे असायला हवी तिथे पाहिलं. तिथे काही दिसत नव्हतं.

मी लॅपटॉपकडे वळले. मसुद्यातल्या एकतीसच्या जागी पस्तीस होते. चौतीसच्या जागीही पस्तीस होते. दोन्ही ठिकाणचे आकडे आता जुळत होते. पडताळायचं काही उरलं नव्हतं. इतका निर्दोष मसुदा मी आजवर लिहिला नव्हता.

पलीकडे त्या माणसाने शाईच्या डबीवर शिक्का टेकवला आणि उचलला. त्याच्यामागचं दार उघडलं. त्या दाराला आतून कडी नव्हती.

"दहा सेकंद," सर म्हणाले. "अभिनंदन सगळ्यांचं."

मी लॅपटॉप मिटला. शिक्का खाली येत होता. तो आणि पान यांच्यामध्ये चार मिलिमीटर अंतर होतं.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले.