काचेआडचा भोंगा

मित्रांनो, ग्रॅनाइट बे या आमच्या गावच्या नव्या स्टेडियममध्ये शिरलात की डाव्या हाताला, तिकीट तपासतात त्याच्या अलीकडे, कॉफीच्या दुकानाला लागून एक काचेचे कपाट आहे. त्यात निळ्या मखमलीवर ठेवलेला पितळी भोंगा म्हणजे मी. खाली पाटी आहे : ‘ऐतिहासिक वस्तू. स्पर्श करू नये.’ पाटीवर माझे वय शंभर लिहिले आहे. ते खोटे आहे, मी अठ्ठ्याण्णव वर्षांचा आहे. पण थोडे फुगवून सांगायची खोड मलाही असल्यामुळे मी त्या पाटीला माफ केले आहे. भोंग्याची जातच अशी. हळू आवाजात नेमके तेवढेच सांगणे आम्हाला जमत नाही.

माझा जन्म गहू वाहणाऱ्या एका जहाजासाठी झाला. आमचे सरोवर केवढे म्हणाल, तर अलीकडच्या काठावर न्याहारी करून निघावे आणि पलीकडच्या काठावर दाढी वाढवून उतरावे. त्यावर धुके पडले की जहाजाला जहाज दिसत नसे. तेव्हा मी ओरडायचे : ‘मी इथे आहे!’ बस्स, एवढेच माझे काम. एकदा मी असा काही वाजलो की धुकेच टरकन फाटले, आणि त्याच्या चिंध्या गोळा करून कप्तानाच्या बायकोने दोन उशा भरल्या. त्यातली एक उशी मी स्वतः पाहिली आहे.

चाळीस वर्षांनी जहाज भंगारात निघाले. जहाजाचा इंजिनवाला आर्वो कांगास, गावात फिनलंडहून येऊन वसलेल्यांपैकी एक अबोल गडी, मला बर्फावरून घसरगाडीने ओढत घरी घेऊन आला आणि त्याने मला आपल्या वाफेच्या न्हाणीघराच्या माळ्यावर ठेवले. खाली वाफ, वर मी. म्हटले, संपले आपले आयुष्य.

पण त्याच वर्षी बर्फावरच्या हॉकीच्या मोठ्या लीगने संघ वाढवायचे ठरवले. प्रत्येक नव्या संघामागे प्रवेशाचे वीस लाख डॉलर! आमच्या कागद गिरणीच्या मालकाने, थोरल्या मॅकास्किलने, ते मोजले. लोक म्हणाले, एवढ्यात तर अस्वलांसकट सगळे गाव विकत मिळाले असते. म्हातारा म्हणाला, “गाव कशाला घेऊ? गिरणीतली पोरं हिवाळ्यात कंटाळून दक्षिणेला पळतात. त्यांना इथं बांधून ठेवायला दावं हवंय मला.” संघाचे नाव ठेवले डॉकर्स, म्हणजे आपले गोदीवाले. लाकडी छताचे, सहा हजार खुर्च्यांचे स्टेडियम उभे राहिले. आर्वोने मला तिथे नेऊन टांगले आणि आयुष्यातले सर्वांत लांबलचक भाषण केले.

“उसना दिलाय. विकला नाही.”

तेव्हापासून रिवाज पडला. गोल झाला की मला वाजवायची साखळी कांगासांच्या घरातल्यानेच ओढायची. आर्वोचे खांदे दुखू लागल्यावर ती त्याच्या मुलीच्या, विएनोच्या हातात आली. विएनो तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हातात लोकरीचे हातमोजे, जिभेला धार. साखळी तिच्या खुर्चीशेजारी लोंबत असे. मित्रांनो, तुम्हाला सांगतो, गोल व्हायच्या आधी क्षणभर तिची मूठ घट्ट होत असे. गोलरक्षकाला कळायच्या आत मला कळायचे. मग ती ओढायची आणि मी वाजायचो. छतावरचा बर्फ कोसळायचा, तीन मैलांवरच्या गाईंचे दूध आटायचे, आणि वरच्या रांगेतल्या एका लाजाळू सुताराने माझ्या आवाजात शेजारणीला लग्नाचे विचारले, तिला काहीच ऐकू आले नाही म्हणून ती ‘हो’ म्हणाली. त्यांना पाच मुले झाली.

अशी अठ्ठावीस वर्षे गेली. त्या सुखाची किंमत तेव्हा कळली नाही. कुणाला कळते?

थोरला मॅकास्किल वारला आणि संघ मुलाकडे, स्टुअर्टकडे आला. स्टुअर्ट मोठ्या शहरात शिकून आला होता. एका दुपारी रिकाम्या स्टेडियममध्ये तो आकडेमोड करत माझ्याखाली उभा होता आणि विएनो माझी साखळी पुसत होती.

“विएनो, तिकिटात पैसा नसतो गं,” तो म्हणाला. “पैसा असतो काचेच्या खोल्यांत. कंपन्या वर्षभराच्या भाड्याने घेतात. आपल्याकडे एकही नाही.”

“मग काचेत बसून काय करतात ती माणसं?”

“कोळंबी खातात.”

“आणि सामना?”

“तो खाली चालू असतो.”

“अरे, तुझा बाप माझ्या शेजारी बसून घरून आणलेला पाव खायचा.”

“बापाच्या वेळी खेळाडूंना जे वर्षाला द्यावं लागायचं, ते आता आठवड्याला द्यावं लागतं. तिकडे वाळवंटातलं एक शहर नवंकोरं स्टेडियम फुकट बांधून देतंय. गावानं कर भरून नवं बांधलं तर मी राहतो. नाहीतर निघालो.”

गावाने मत घ्यायचे ठरवले. नव्या स्टेडियमसाठी कर, हो की नाही? पालिकेच्या मतदानाचा दिवस कायद्याने ऑक्टोबरमधला एक सोमवार. आणि ऑक्टोबरमधला तो आठवडा म्हणजे मूसच्या शिकारीचा पहिला आठवडा. मूस म्हणजे घोड्याएवढे थोराड सांबर. एक मिळाले की घराचा हिवाळा सुटतो. आमच्या गावात त्या आठवड्यात लग्न ठरत नाही, दाढ उपटत नाहीत, माणूससुद्धा मरायचे पुढे ढकलतो. आणि प्रत्येक जण मनाशी म्हणाला : संघ काय माझ्या एकट्याचा आहे? बाकीचे टाकतीलच की मत!

ठराव पडला. एकेचाळीस मतांनी.

कांगासांच्या शिकारीच्या छावणीत त्या सोमवारी बेचाळीस माणसे शेकोटीभोवती कॉफी पीत बसली होती. त्यात विएनो होती.

वसंतात मोठाले ट्रक आले. काठ्या, कपडे, चषक, सारे भरून झाले. मालकाच्या माणसाने शिडी लावून मला हात घातला, तेव्हा विएनो शिडीखाली येऊन उभी राहिली.

“तो भोंगा उसना आहे. हात काढ.”

“बाई, यादीत लिहिलंय.”

“यादीत माझं नाव लिही मग, मलाही ने. पण वाळवंटात मी दोन दिवसांत मरेन आणि तुला घरी पोचवावं लागेल.”

मी वाचलो, पण संघ गेला. गोदीवाले अशा शहरात जाऊन राहिले जिथे गोदी नाही, जहाज नाही, टबाबाहेर पाणीसुद्धा नाही. आणि मी पुन्हा न्हाणीघराच्या माळ्यावर.

तिथे मी चोवीस वर्षे काढली, मित्रांनो. आता फुगवून सांगायचे म्हटले तरी फुगत नाही. शनिवारी खाली पाणी तापे, वाफ वर येई आणि माझ्या घशात थेंब धरत. अधूनमधून रेडिओवर दूरचा सामना लागलेला असे, कुणीतरी गोल करी, आणि खाली अंधारात विएनोची मूठ वळल्याचे मला ऐकू येई. तुम्ही म्हणाल, मूठ वळल्याचा आवाज होतो का? चोवीस वर्षे वाट पाहा, होतो.

मग लीगने पुन्हा संघ वाढवायचे काढले. या वेळी प्रवेशाचे पन्नास कोटी! नोरीन हॅलोरन नावाच्या बाई पुढे आल्या. बर्फ उपसायच्या गाड्या विकून त्यांनी अमाप पैसा केला होता. आमच्या भागात बर्फ कधी संपत नाही, त्यामुळे त्यांचा पैसाही संपत नव्हता. पण लीगची अट तीच : नवे स्टेडियम हवे. पुन्हा मत. कायदा तोच, म्हणून सोमवारही तोच. आणि मूसही तेच.

आदल्या आठवड्यात सगळे गाव म्हणत होते, “या वेळी नक्की थांबणार.” रविवारी संध्याकाळपर्यंत निम्मे गाव जंगलात होते.

सोमवारी पहाटे विएनो माळ्यावर चढली. एकाहत्तर वर्षांची बाई. तिने मला शालीत गुंडाळून खाली आणले, ट्रकच्या टपावर आवळले, हवेची टाकी जोडली. “ऊठ म्हाताऱ्या,” ती म्हणाली. “माझी एक चूक राहिलीय निस्तरायची.”

लाकूडतोड्यांच्या रस्त्यांवरून आम्ही निघालो. प्रत्येक छावणीपाशी ती साखळी ओढी. चोवीस वर्षांचा घसा. पहिल्यांदा नुसता गंज आणि एक मेलेला कोळी बाहेर पडला. दुसऱ्यांदा मी वाजलो. अहाहा! झाडांवरची पाने नको म्हणत असताना गळाली.

झुडपांतून बंदुका घेतलेली माणसे धावत आली. “विएनो, वेड लागलंय का? दोन दिवस माग काढत होतो त्या मूसचा! पळाला ना!”

“पळू दे. गेल्या वेळी संघ पळाला, तो धरलास का?”

“अगं, बाकीचे टाकतील मतं.”

“बाकीचे म्हणजे कोण रे, पेंटी? बाकीचे म्हणजे तूच. चढ ट्रकात. बूट पूस आधी.”

दुपारपर्यंत आमच्यामागे दोनशे गाड्यांची रांग होती. आणि माझा आवाज मादी मूससारखा असल्याचे त्या दिवशी उघड झाले, कारण गाड्यांमागे सतरा नर मूस मतदान केंद्रापर्यंत आले. शिंगांसकट ओळीत उभे. कारकुनाने यादी चाळून त्यांना अदबीने परत पाठवले. विश्वास बसत नसेल तर त्या कारकुनाला विचारा; तो आता ऐकू येत नसल्याचे सोंग करतो.

ठराव अकराशे मतांनी मंजूर झाला. पायऱ्यांवर बसून विएनो रडली, आणि मग म्हणाली की डोळ्यांत धूर गेलाय. आसपास कुठेही शेकोटी नव्हती.

मला वाटले, आता पहिला गोल होणार, तिची मूठ वळणार, आणि मी वाजणार.

स्टेडियम झाले. अठरा हजार खुर्च्या, साठ काचेच्या खोल्या, कोळंबी. उद्घाटनाआधी मला एका गादीसारख्या भिंतींच्या खोलीत नेले, कानाला यंत्रे लावलेल्या तिघांनी मला एकदाच वाजवले आणि आवाज डबीत भरून घेतला. मग मला चकचकीत करून इथे ठेवले. आता गोल झाला की छतातल्या कर्ण्यांतून माझा आवाज येतो. एका बँकेने तो विकत घेतला आहे. आधी तिचे नाव घेतात, मग मी ओरडतो. मी काचेत बसून ऐकतो. आवाज माझाच आहे. पण श्वास नाही हो त्याच्यात.

नोरीनबाईंना विएनो भेटली होती. बाई वाईट नाहीत. “अहो विएनो, मलाही आवडलं असतं,” त्या म्हणाल्या, “पण विमावाले नको म्हणतात, बँक नको म्हणते. त्या पन्नास कोटींचं व्याज मला झोपू देत नाही. जपून ठेवलंय ना त्याला आम्ही?”

विएनोची जुनी जागा आता काचेच्या खोलीच्या पोटात गेली आहे. सर्वांत स्वस्त तिकीट एकशे ऐंशी डॉलर. म्हणून ती आत जात नाही. सामन्याच्या दिवशी बसने येते, माझ्यासमोर उभी राहते, आणि आत गोल झाला की तिचा उजवा हात आपोआप वर जातो आणि नसलेली साखळी ओढतो. माझ्या घशात तेव्हा थोडी धूळ हलते. एवढेच.

मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगायला हवे. पण काळजी म्हणजे मखमल नव्हे. बासरी पुसून ठेवू नका, वाजवा. सायकल झाकून ठेवू नका, चालवा. आजीला चांगल्या खुर्चीत बसवून निघून जाऊ नका, तिला विचारा. ज्याला आयुष्यभर ‘मी इथे आहे’ एवढेच म्हणायचे होते, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी ते म्हणू नये.

आणि आता एक गुपित. परवा पहारेकरी म्हणाला, “आजी, काचेला हात नका लावू.”

“हात कुठे लावतेय? बोटांचे ठसे पुसतेय.”

ती पुसत होतीच. पण हातमोज्यात तिच्या बापाचा पेचकस होता. या कपाटाला सोळा स्क्रू आहेत. घरच्या प्रत्येक सामन्याला ती एक सैल करते आणि जागच्या जागी नुसता टेकवून ठेवते. अकरा झाले. हवेची टाकी ट्रकमध्ये भरून तयार आहे. पुढच्या महिन्यात ती बसने येणार नाही.

त्या दिवशी गोलाआधी बँकेचे नाव न घेता काही वाजले, तर कुणाला बोलावू नका. फक्त ऐका.