बाहीवरची सात बटणं

"तो टेस्टर काढा आधी," बायको म्हणाली.

"कुठला टेस्टर?"

"मोज्यात घातलाय तो. आणि पान्हासुद्धा."

मिस्त्रींनी मोज्यातून टेस्टर काढला, दुसऱ्या मोज्यातून छोटा पान्हा काढला आणि दोन्ही पलंगावर ठेवले. "हॉटेलातली लिफ्ट अडकली तर?"

"तर त्यांचा मिस्त्री येईल. तुम्ही हजला चाललाय, ड्युटीवर नाही."

मिस्त्री हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतो? इमारतीत, मशिदीत, भाजीवाल्याकडे सगळीकडे ते मिस्त्रीच होते. बायकोही चिडली की मिस्त्री म्हणायची, एरवी अहो. त्यांची एक ख्याती होती. डोळे बांधून लिफ्टमध्ये उभं करा, कितवा मजला आला ते बरोबर सांगायचे. प्रत्येक मजल्यापाशी लिफ्ट बारीक टक् असा आवाज करते, तो बाकीच्यांना ऐकू येत नाही. मिस्त्री ते टक् मोजायचे. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं असेल नसेल, मोजण्यात मात्र चूक केली नव्हती.

उद्या सकाळी निघायचं होतं. पलंगावर दोन बॅगा आ वासून पडल्या होत्या. बायकोचे पायघोळ झगे, डोक्याला बांधायचे रुमाल, जाड मोजे, बिनवासाचा साबण. मिस्त्रींचे इहराम, म्हणजे दोन पांढऱ्या चादरी. पुरुषाला तिथे शिवलेला कपडा चालत नाही, एक चादर कमरेला गुंडाळायची आणि एक खांद्यावरून घ्यायची. बायको घरी शिवणकाम करणारी. तिला कापडाची मोकळी कड बघवत नाही. चादरी घरी आल्या त्या दिवशी तिने बोलता बोलता चारही बाजूंनी सुंदर टीप मारून टाकली, आणि मग डोक्याला हात लावून बसली. शिबिरात हजची माहिती सांगणारे उस्ताद म्हणाले, कड मुडपली म्हणून काही बिघडत नाही. पण तिच्या मनाला पटेना. दोन दिवस बसून तिने सगळी टीप उसवली. चादरींच्या कडेला सुईच्या भोकांची रांग अजून दिसत होती.

बाकीची भर लेकीने घातली होती. लेक औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, आणि नव्या यंत्रांची भारी हौस. गळ्यात अडकवायचा पंखा झाला, मोबाइल चार्ज करायची वीट झाली, जगातल्या कुठल्याही भिंतीत बसेल असा प्लग झाला. बॅगेचं वजन करायचा हातकाटा होता, आणि तो आल्यापासून मिस्त्रींनी घरातल्या उशासुद्धा तोलून पाहिल्या होत्या. शिवाय एक अंगठी. बोटात घालायची आणि अंगठ्याने बटण दाबायचं, की आकडा एकने वाढतो. काबागृहाभोवती सात फेऱ्या घालायच्या असतात, त्या मोजण्यासाठी.

त्या अंगठीनेच मिस्त्रींची झोप उडवली होती.

गेल्या आठवड्यात घरात कुणी नसताना त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवती फिरून सराव करून पाहिला. पहिली फेरी झाली, बटण दाबलं. दुसरी झाली, दाबलं. मग रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आणि आत्ता बटण दाबलं की दाबायचं राहिलं, हेच त्यांना आठवेना. अंगठीवर तीन होते. ते तीन खरे की खोटे? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या खेपेला अंगठीने नऊ दाखवले. मिस्त्री खुर्चीवर बसले आणि बराच वेळ नुसते त्या आकड्याकडे बघत राहिले.

शिबिरात उस्तादांनी सांगितलं होतं, आकड्याची शंका आली तर कमी आकडा धरा आणि पुढे चला. मिस्त्री हसत म्हणाले होते, "मग मी कयामतपर्यंत फिरतच राहीन." सगळं शिबिर हसलं. बायको हसली नव्हती. ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लेकीने मात्र परवा सरळ विचारलं, "अब्बा, तब्येतीचं काही लपवत नाही ना? असेल तर आत्ताच सांगा."

"छे, ठणठणीत आहे मी."

अकरा वर्षं अर्ज करून आत्ता कुठे नंबर लागला होता. खरं बोललं तर लेक म्हणणार, पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षी आपण आपल्या डोक्यात किती उरलेलो असू, याचा मिस्त्रींना भरवसा नव्हता. म्हणून ते तोंडाला कुलूप घालून बसले होते. पण अल्लाच्या घरी जायचं आणि निघतानाच बायकोशी, लेकीशी खोटं बोलायचं, हे त्यांना आतून खात होतं.

"सगळ्यांची माफी मागून झाली का?" बायकोने बॅगेत मोजे कोंबत विचारलं.

हजला निघणारा माणूस ओळखीच्या सगळ्यांकडे जाऊन सांगतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा. मिस्त्री चार दिवस दारोदार फिरत होते. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्याशी पार्किंगवरून भांडले होते त्याच्याकडेही जाऊन आले.

"चौथ्या मजल्यावरच्या हेडबाई राहिल्यात," ते म्हणाले.

"मग या की जाऊन. मला एक बाही पुरी करायची आहे तोवर."

हेडबाईंना त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. मिस्त्रींचं घर तिसऱ्या मजल्यावर, हेडबाईंचं बरोबर वर. दीड महिन्यापूर्वी ते भाजीची पिशवी घेऊन लिफ्टने चौथ्या मजल्यावर उतरले, आणि हेडबाईंच्या कुलपात आपली किल्ली घालून फिरवत बसले. किल्ली फिरेना म्हणून कुलपाला, किल्लीला, कुलपाच्या कारखानदाराला बोल लावले. आतून बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. "लिफ्टचं दार बघायला आलो होतो," असं काहीतरी बोलून ते सटकले होते.

हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण दार उघडताना त्या अजून समोरच्याला नखशिखांत बघून घ्यायच्या. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले.

"बाई, उद्या निघतोय. कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा."

"तुमचं काय चुकणार?"

"ते कुलपाचं. त्या दिवशी मी तुमच्या कुलपात…"

"कुठल्या दिवशी?" बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी ओठ मिटले.

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिले. "कुठल्या म्हणजे? एकदाच आलो होतो ना मी?"

हेडबाईंनी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. आता त्यांचीच पंचाईत झाली. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तीनदा," त्या हळूच म्हणाल्या.

मिस्त्री म्हणाले, "बाई, एक विनंती आहे. हे घरी कळू देऊ नका. लेकीला कळलं तर जाणं रद्द होईल."

"मिस्त्री, तुमच्या बायकोला सगळं माहीत आहे. पहिल्या वेळेलाच ती वर आली होती. म्हणाली, ते पुन्हा आले तर हसू नका, काही विचारू नका. लिफ्टचं दार अडकतंय म्हणा, बघायला लावा आणि खाली पाठवून द्या."

"म्हणजे दार अडकत नाही?"

"कधीच नाही. त्यानंतर दोन वेळा तेल घातलंत तुम्ही त्याला. अख्ख्या इमारतीत एवढं गुळगुळीत दार नसेल."

मिस्त्रींना हसावं की रडावं कळेना. बाई उठल्या. "माफी कसली मागता? कुलूप माझं शाबूत, किल्ली तुमची शाबूत. तिथं गेलात की माझ्या गुडघ्यांसाठी तेवढी दुआ करा."

खाली येताना त्यांनी लिफ्ट घेतली नाही. जिना उतरताना आधी त्यांना बायकोचा राग आला. माझ्यामागे सगळ्या जगाला सांगत सुटली. पुढच्या वळणावर आठवलं, की सगळ्या जगाला नाही, एका बाईला सांगितलं. आणि तेही कशासाठी, तर कुणी हसू नये म्हणून. दारापाशी पोचेपर्यंत राग संपला होता आणि नुसती लाज उरली होती.

बायको मशीनवर होती. तिच्या राखाडी झग्याची बाही सुईखाली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काय?"

"चौथा मजला."

तिने टीप संपवली, दोरा दाताने तोडला. मग वर पाहिलं. "त्याच्याही आधीपासून. तुम्ही मला विचारलंत, चहा झाला का. आणि कप तुमच्या हातात होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं, तू जाऊ देणार नाहीस."

"आणि मला वाटलं, मी बोलले तर तुम्हीच पाय मागे घ्याल. म्हणाल, मला काय जमणार आता." ती थांबली. "डॉक्टरांना विचारलंय मी. रक्तदाब तपासायला नेलं होतं ना, तेव्हा त्यांनी तुम्हाला घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं. ते विसरणं तपासायलाच."

मिस्त्रींना ते चित्र आठवलं. डॉक्टर जरा चक्रम आहे असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षावर टाकू नका. आत्ता जा. फक्त हात सोडू नका."

"आणि पोरीला?"

"डॉक्टरांकडे नंबर तिनेच लावला होता."

"मग ती मला कशाला विचारत होती, लपवत नाही ना म्हणून?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. रात्री फोनवर रडली बिचारी. म्हणाली, अब्बांनी माझ्याशी खोटं बोलायला नको होतं."

मिस्त्री पलंगावर, टेस्टर आणि पान्ह्याच्या शेजारी बसले. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं असं अचानक कुणीतरी उचलून बाजूला केलं होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. त्यांना इतकं मोकळं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोने त्यांना निवांत रडू दिलं.

"ती अंगठी मला जमत नाही," शेवटी ते म्हणाले. "दाबली की नाही, तेच आठवत नाही."

"ठाऊक आहे. मी हिशोबात धरलीच नाही तिला." तिने झगा उचलून त्यांच्यापुढे धरला. उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत एक उभी पट्टी होती आणि पट्टीवर ओळीने सात बटणं. "तुमच्या कपड्याला टीप चालत नाही. बायकांच्या कपड्याला चालते. पट्टी खोटी आहे, सगळी बटणं उघडली तरी हात दिसणार नाही. फेरी पुरी झाली की तिथं हिरवा दिवा असतो. तो आला की मी हात पुढे करीन. तुम्ही एक बटण काढायचं."

मिस्त्रींनी बाही हातात घेतली. बटणं जाड, तपकिरी, चार भोकांची होती. त्यांनी ती लगेच ओळखली. चौतीस वर्षं रोज सकाळी लावली होती आणि संध्याकाळी काढली होती.

"माझा युनिफॉर्म फाडलास?"

"बटणं तेवढी काढली. शर्ट तसाच आहे कपाटात."

"तू एकटीनेच मोजलंस तरी चाललं असतं."

"मला नाही मोजता येत. तुम्हाला माहीत आहे, बाह्या कापतानासुद्धा मी तीन कापते." हे मात्र खोटं होतं. आयुष्यात तिने एकदाही तिसरी बाही कापली नव्हती. पण मिस्त्रींनी ते तसंच राहू दिलं.

"आणि मी विसरलो तर?"

"मी हात पुढे करीन ना."

"तू विसरलीस तर?"

"तर दोघं मिळून फिरू कयामतपर्यंत. तुम्हाला कुठं ड्युटीवर जायचंय."

संध्याकाळी लेक बॅगा तपासायला आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या भिंतीला लावलेल्या होत्या. अम्मीने नवा झगा घातला होता आणि अब्बा तिच्या उजव्या हाताला, बाहीची कड धरून चालत होते. फ्रिजपाशी आलं की अम्मी हात पुढे करत होती. लेक चपला न काढता उंबऱ्यावरच उभी राहिली.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं आणि ते थबकले. "किती झाल्या?"

"बाहीला विचारा."

त्यांनी बाहीकडे पाहिलं. पाच बटणं मोकळी होती. "पाच," ते म्हणाले आणि चालू लागले. सहावं काढलं. सातवं काजात घट्ट बसलं होतं, त्याला जरा वेळ लागला. अम्मी हात पुढे करून उभी राहिली, घाई केली नाही.

"सात," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी लेकीला पाहिलं. "ये. तुला एक सांगायचंय, परवा मी तुझ्याशी खोटं बोललो."

"हो अब्बा."

"माफ कर."

लेकीने मान हलवली. तिने बॅगेचा हातकाटा उचलला आणि उगाचच त्याचं बटण चालू-बंद केलं. पलंगावर राहिलेला टेस्टर तिने पाहिला, आणि अम्मीचं लक्ष नाही असं समजून मोठ्या बॅगेच्या तळाशी सरकवला. अम्मीचं लक्ष होतं, पण तिने तो तिथंच राहू दिला.

ती अजून हात पुढे धरूनच उभी होती. मिस्त्रींनी चष्मा लावला, बाही जवळ ओढली आणि मनगटापासून सुरुवात करून एकेक बटण पुन्हा लावायला घेतलं.